खुब्यात बसवलेला सांधा सदोष निघाला तर : कोल्हापूरच्या रुग्णांसाठी कायद्याची वाट, पायरी पायरीने

खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत सांध्याचा एकेक भाग सीलबंद खोक्यातून बाहेर येतो. वाटी, वाटीच्या आतलं अस्तर म्हणजे लायनर, गोळा आणि मांडीच्या हाडात शिरणारी दांडी, असे बहुतेक वेळा चार भाग. प्रत्येक खोक्यात सोलून काढायचे छोटे स्टिकर असतात. थिएटरमधली सिस्टर ते केस पेपरवर चिकटवते. त्यावर कंपनीचं नाव, भागाचं नाव, माप, ‘रेफ’ म्हणजे उत्पादनाचा क्रमांक, ‘लॉट’ म्हणजे एकत्र बनलेल्या मालाच्या गटाचा क्रमांक, मुदत आणि आयात केलेला माल असेल तर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. पुढे सांधा सदोष निघाला तर नुकसानभरपाईची सगळी केस या चार स्टिकरांवर उभी राहते. आणि दहा वर्षांनी शोधायला गेलं की नेमके तेच सापडत नाहीत.

म्हणून वकील शोधण्याआधी कागद शोधा.

पहिली पायरी : कागद, तेही लगेच

ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मात्र त्याच नियमांत आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच जपायचं बंधन आहे. चौथ्या वर्षी ‘जुने केस पेपर रद्दीत गेले’ असं उत्तर आलं तर त्यावर फारसं काही करता येत नाही. अजून त्रास नसेल तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तपासणीलाच हे कागद मागून घ्या.

अर्जात ‘माझे सर्व कागद द्या’ एवढंच लिहिलंत तर डिस्चार्ज कार्ड आणि बिल हातात पडेल. नाव घेऊन मागा : संपूर्ण इनडोअर केस पेपर, शस्त्रक्रियेची नोंद म्हणजे ऑपरेशन नोट्स, इम्प्लांट स्टिकरांचं पान, संमतीपत्र, भूलतज्ज्ञाची नोंद, शस्त्रक्रियेच्या आधीचे व नंतरचे एक्स-रे, आणि तपशीलवार बिल. एक्स-रे संगणकीकृत असतील तर मूळ फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. मोबाइलने काढलेल्या फोटोवरून वाटीचा कोन मोजता येत नाही, आणि हा कोन पुढे फार कळीचा ठरतो.

स्टिकरांचं पान गहाळ असेल तरी वाट बंद होत नाही. सांधा दवाखान्याने कोणत्या तरी डीलरकडून घेतलेला असतो. डीलरच्या बिलावर किंवा डिलिव्हरी चलनावर लॉट क्रमांक असतो, म्हणून तेही लेखी मागा. मेडिक्लेम किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पैसे मिळाले असतील, तर मंजुरीच्या फाइलला इम्प्लांटचं बिल आणि अनेकदा स्टिकरची प्रतही जोडलेली असते. आयात मालाबद्दल केंद्रीय औषध नियंत्रकांच्या दिल्लीतल्या कार्यालयाकडे १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. या उत्पादनाला आयात परवाना कधी दिला, कोणाला दिला, तो रद्द किंवा निलंबित झाला का आणि बाजारातून माल परत मागवल्याची सूचना आली का, असे चार प्रश्न त्यात पुरेत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

दुसरी पायरी : दोष कशाचा, हे शरीरातून सिद्ध करणं

बसवलेला खुबा दुखतो म्हणजे सांधा सदोषच, असं नसतं. जंतुसंसर्ग, वाटी चुकीच्या कोनात बसणं, हाडात सांधा न धरणं, पडल्यामुळे झालेला फ्रॅक्चर, किंवा पंधरा-वीस वर्षांनंतरची नैसर्गिक झीज, यांपैकी काहीही कारण असू शकतं. कंपनीचा वकील नेमकी हीच यादी घेऊन येतो. त्यामुळे ही कारणं एकेक करून बाजूला काढणारे पुरावे तुमच्याच फाइलमध्ये आधीपासून हवेत.

उत्पादनाचे दोष साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला आराखड्याचा. कोबाल्ट-क्रोमच्या गोळ्यावर कोबाल्ट-क्रोमचीच वाटी, अशा धातूवर-धातू सांध्यांत दोन पृष्ठभाग घासून बारीक कण सुटतात. ते भोवतीच्या स्नायूंत साचतात, पेशी मरतात, गाठीसारखी सूज येते आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम वाढतं. दांडी आणि मान वेगवेगळी असलेल्या काही सांध्यांत घर्षण होतं ते जोडावर आणि तिथे गंज चढतो. स्ट्रायकर कंपनीने ‘रिजुव्हिनेट’ आणि ‘एबीजी २’ ही दोन उत्पादनं जुलै २०१२ मध्ये याच कारणाने मागे घेतली. दुसरा दोष निर्मितीचा किंवा वेष्टनाचा. एक्झॅक्टेक कंपनीच्या काही प्लॅस्टिक लायनरच्या पिशव्यांत प्राणवायू अडवणारा एक थर नव्हता. त्यामुळे प्लॅस्टिक आतल्या आत ऑक्सिडाइझ होऊन लवकर झिजण्याचा धोका निर्माण झाला आणि माल परत मागवावा लागला. तिसरा दोष इशारा न देण्याचा : कंपनीला धोका कळला, पण डॉक्टरांपर्यंत आणि रुग्णांपर्यंत तो वेळेत पोचवला नाही.

तपासण्यांचा क्रम असा ठेवा. आधी नवा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून बघा. मग जंतुसंसर्गाचा अंदाज देणारे ई.एस.आर. आणि सी.आर.पी. हे दोन रक्ताचे रिपोर्ट. ते वाढलेले असतील तर सांध्यातलं पाणी काढून कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का याची तपासणी. पुन्हा शस्त्रक्रिया होणार असेल, तर सांध्याभोवतीच्या मांसाचे तीन ते पाच वेगवेगळे नमुने कल्चरला आणि एक नमुना फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला म्हणजे पेशींच्या तपासणीला पाठवा, अशी विनंती डॉक्टरांना आधीच करा. सगळी कल्चर निगेटिव्ह आली आणि पेशींच्या तपासणीत धातूचे कण दिसले, तर ‘इन्फेक्शन होतं’ हा बचाव तिथेच कोलमडतो.

धातूवर-धातू सांधा असेल तर रक्तातल्या कोबाल्ट आणि क्रोमियमची पातळी मोजावी लागते. ब्रिटनच्या औषध नियामकाने लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही पुढच्या तपासाची पातळी सुचवली होती आणि जगभर तिचा दाखला दिला जातो. रक्त साध्या नळीत घेतलं तर निकालावर शंका घ्यायला जागा राहते. सूक्ष्म धातूंसाठीची गडद निळ्या बुचाची नळी मागा. नमुना कोल्हापुरात घेतला तरी तपासणी बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होते, म्हणून तपासणीची पद्धत आणि प्रयोगशाळेचं नाव रिपोर्टवर आलंय ना, ते पाहा. सूज आणि गाठ बघायला एम.आर.आय. लागतो, तोही धातूमुळे येणारी विकृती कमी करणाऱ्या पद्धतीचा. तशी चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्लॅस्टिक किंवा सिरॅमिक लायनर असलेल्यांना मात्र रक्तातल्या धातूची तपासणी सरसकट लागत नाही. त्यावर उगाच पैसे घालवू नका.

तिसरी पायरी : बाहेर काढलेला सांधा हातचा जाऊ देऊ नका

अनेक केसेस इथे मोडतात, म्हणून जरा थांबून वाचा.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत धातूचे इम्प्लांट निळ्या वर्गात येतात. म्हणजे शस्त्रक्रिया संपली की तुमच्या केसमधला सर्वांत मोठा पुरावा निळ्या खुणेच्या खोक्यात जातो. हा कचरा दवाखान्यातून लवकरच उचलला जातो. तुम्ही शुद्धीवर येऊन ‘तो सांधा कुठाय?’ असं विचारेपर्यंत गाडी येऊन गेलेली असते. दुसरा प्रकार याहून वाईट. कंपनीचा प्रतिनिधी थिएटरच्या बाहेर थांबलेला असतो आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून सांधा घेऊन जातो. परत येतो तो कंपनीचा स्वतःचा अहवाल : दोष आढळला नाही.

शस्त्रक्रियेच्या किमान दोन-तीन दिवस आधी डॉक्टर आणि दवाखान्याच्या व्यवस्थापनाला पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर साधा ठेवा :

‘माझ्या उजव्या/डाव्या खुब्यातून काढले जाणारे सर्व भाग माझ्या कायदेशीर दाव्यातील पुरावा आहेत. ते कचऱ्यात टाकू नयेत, कंपनी, डीलर वा अन्य कोणाकडे देऊ नयेत. निर्जंतुक करून, नोंद करून, मी नेमलेल्या अमुक नातेवाइकाच्या ताब्यात द्यावेत.’

संमतीपत्रावरही हेच हाताने लिहायला सांगा. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर थांबणाऱ्या भावाला, मुलीला किंवा सुनेला चार कामं आधीच समजावून ठेवा. प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, त्यावर कोरलेले क्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत ठेवायचा, कारण एकत्र ठेवले की एकमेकांवर घासून नवे ओरखडे उठतात आणि झीज कशाची हे ओळखू येत नाही. प्लॅस्टिकचा लायनर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालू द्यायचा नाही, उष्णतेने तो बदलतो. तो रसायनाने निर्जंतुक करावा. आणि कोणी, कोणाला, किती वाजता, कोणत्या क्रमांकाचे भाग दिले याची एक पानी नोंद करून त्यावर दोघांच्या सह्या. हे पाकीट घरी कुलपात राहू द्या. ब्रशने घासू नका, चकचकीत करू नका.

दवाखाना ऐकत नसेल आणि शस्त्रक्रियेला अवधी असेल, तर ग्राहक आयोगात तक्रार आधीच दाखल करून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो : सांधा जपून ठेवा आणि आयोगासमोर आणा.

याच टप्प्यावर फुकट शस्त्रक्रियेचा प्रस्ताव येऊ शकतो. ‘नवा सांधा मोफत बसवून देतो, या कागदावर सही करा.’ शस्त्रक्रियेची निकड असेल तर मदत जरूर घ्या, पण कागदावर ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असे शब्द असतील तर सही करू नका. कागद घरी आणा, वकिलाला दाखवा, आणि घ्यायचीच असेल तर ‘भरपाईचे माझे सर्व हक्क अबाधित ठेवून’ असं लिहूनच मदत स्वीकारा.

चौथी पायरी : मुदत मोजणं

ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे (कलम ६९). प्रश्न असतो, मोजायची कुठून? २०१५ साली बसवलेला सांधा २०२४ मध्ये बिघडला असेल तर शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजणं बरोबर नाही. लपलेली इजा असेल तर ती रुग्णाला कळली, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळली असती, त्या दिवसापासून मुदत सुरू होते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात मांडलं. पण त्याच प्रकरणात तक्रार फेटाळली गेली हेही लक्षात ठेवा. पोटात कापड राहिलेल्या त्या रुग्ण स्वतः परिचारिका होत्या, पहिल्या शस्त्रक्रियेपासून त्यांना दुखत होतं आणि तरी वर्षानुवर्षं तपास केला नाही, म्हणून मुदत टळल्याचं न्यायालयाने धरलं.

यावरून करायचं ते असं. एका कागदावर तारखांचा तक्ता मांडा : दुखणं कधी सुरू झालं, डॉक्टरांना कधी दाखवलं, त्यांनी काय सांगितलं, ‘सांध्यातच बिघाड आहे’ हे पहिल्यांदा कोणत्या रिपोर्टवर आलं. या शेवटच्या तारखेपासून दोन वर्षं धरा, आणि त्याच्याही आत दाखल करा. मुदत टळलीच असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज शपथपत्रासह द्यावा लागतो. त्यात ‘आजारी होतो’ हे एका ओळीत लिहून भागत नाही. प्रत्येक काळाचा हिशोब द्यावा लागतो : अमुक ते अमुक दवाखान्यात, मग तीन महिने अंथरुणात, मग माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहिली. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोविडचा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळलेला आहे. तो मध्ये येत असेल तर तसं लिहा.

पाचवी पायरी : कुठे, आणि कोणाविरुद्ध

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसांसाठी ही जमेची बाजू आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. चंदगड-गडहिंग्लजच्या रुग्णाची शस्त्रक्रिया बेळगावात झालेली असो, शिरोळच्या रुग्णाची मिरजेत किंवा करवीरच्या रुग्णाची पुण्या-मुंबईत, कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात चालते. काठी टेकत परराज्यात तारखांना जायची गरज नाही.

रकमेबाबत अनेकांची गफलत होते. आयोगाची मर्यादा तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. ५० लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोग. शस्त्रक्रियेला तीन लाख लागले असतील तर ८० लाखांची भरपाईसुद्धा जिल्हा आयोगातच मागायची. फीही मोबदल्यावरच : ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते, कोण हे ठरवताना घाई नको. उत्पादक आणि आयातदार दोघे हवेतच. उत्पादक अनेकदा परदेशी असतो आणि तिथे नोटीस बजावण्यात वर्ष जातं. पण कायद्यात ‘उत्पादन विक्रेता’ या व्याख्येत आयात करणारा, वितरण करणारा आणि लेबल लावणारा हे सगळे येतात. आणि उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल किंवा त्याच्याविरुद्ध आदेशाची अंमलबजावणी होऊ शकत नसेल, तर कलम ८६ प्रमाणे विक्रेत्यावर जबाबदारी येते. म्हणूनच स्टिकरवरचं आयातदाराचं नाव इतकं मोलाचं. डीलरलाही जोडा, किमान विक्रीची साखळी त्याच्या म्हणण्यातून उघड होते.

डॉक्टरांना जोडायचं का? आमचं मत असं की रागाच्या भरात जोडू नये. सांधा सदोष असेल आणि डॉक्टरांनी तो नीट बसवला असेल, तर तेच तुमचे सर्वांत भक्कम साक्षीदार आहेत. त्यांना सामनेवाला केलंत की ते स्वतःच्या बचावात उतरतात आणि कंपनीला हवी असलेली डॉक्टर विरुद्ध रुग्ण अशी लढाई सुरू होते. मात्र माल परत मागवल्याची सूचना डॉक्टरांना मिळाली होती आणि त्यांनी ती दडवली, सूचनेनंतरही तोच सांधा वापरला, किंवा वाटी उघडपणे चुकीच्या कोनात बसवली, अशी कागदोपत्री शक्यता असेल तर दवाखाना आणि डॉक्टर दोघांनाही जोडा. नंतर जोडायला गेलं की मुदतीचा मुद्दा निघतो.

सहावी पायरी : तक्रारीचा मजकूर

कलम ८४ मध्ये उत्पादकाची जबाबदारी पाच कारणांनी येते : निर्मितीतला दोष, आराखड्यातला दोष, ठरलेल्या मापदंडापासून फारकत, दिलेल्या हमीशी विसंगती, आणि पुरेशा सूचना किंवा इशारा नसणं. तुमच्या प्रकरणाला लागू होतील तेवढी प्रत्येक वेगळ्या परिच्छेदात, पुराव्याच्या क्रमांकासह मांडा. कायद्यातला हा भाग २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधीची शस्त्रक्रिया असेल तर १९८६ च्या कायद्यातले ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ हे दोन्ही आधारही सोबत घ्या, म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर तक्रार अडकणार नाही.

कंपनीचे बचाव ठरलेले असतात. कलम ८७ चा आधार घेऊन ती म्हणेल, हे उत्पादन तज्ज्ञांनीच वापरायचं होतं आणि इशारा आम्ही तज्ज्ञांना दिला होता. म्हणून डॉक्टरांना आधीच पत्र लिहून विचारा : या उत्पादनाबाबत कंपनीकडून सूचना आली का, कधी, कोणत्या स्वरूपात? ‘आली नाही’ असं लेखी उत्तर मिळालं तर ते सोन्याच्या मोलाचं. दुसरा बचाव : रुग्ण आमचा ग्राहकच नाही, सांधा दवाखान्याने विकत घेतला. पण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो. तिसरा : विषय गुंतागुंतीचा आहे, दिवाणी न्यायालयात पाठवा. तथ्यं गुंतागुंतीची आहेत एवढ्यावरून तक्रार परत पाठवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जे. जे. मर्चंट प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय.

भरपाईचा आकडा हवेतून काढू नका. समजा शिरोलीच्या फौंड्रीतला ४६ वर्षांचा कामगार आहे, महिना पगार २२,०००. दुसऱ्या शस्त्रक्रियेचं बिल ३,८०,०००. सात महिने कामावर नाही, म्हणजे १,५४,०००. कामाच्या दृष्टीने कायम अपंगत्व २० टक्के धरलं तर वर्षाच्या २,६४,००० पगाराचे २० टक्के ५२,८००. मोटार अपघातांसाठी सरला वर्मा निकालात (२००९) दिलेल्या तक्त्यात ४६ ते ५० वयाला १३ चा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला गुणायचा आकडा, आहे. त्या हिशोबाने ६,८६,४००. यात गाडीभाडं, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, वॉकर, पुढच्या तपासण्या आणि शारीरिक-मानसिक त्रासाची रक्कम वेगळी. वैद्यकीय प्रकरणांत हा गुणक आयोगावर बंधनकारक नाही, पण आकड्यामागे हिशोब आहे हे त्यातून दिसतं. उसाच्या फडात किंवा हुपरीच्या चांदी कारागिरीत मांडी घालून, उकिडवं बसून काम करणाऱ्या माणसाचं नुकसान अपंगत्वाच्या टक्क्यांत पूर्ण उतरत नाही. आधी काय काम करत होता आणि आता काय करता येत नाही, हे शपथपत्रात साध्या शब्दांत लिहा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी मंडळाचं हवं. कोल्हापुरात त्यासाठी सी.पी.आर. रुग्णालय.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवावी. तिच्या उत्तरात कंपनी काय म्हणते ते आधीच कळतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. छापील संचही तयार ठेवा, आयोगासाठी तीन आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक. सोबत शपथपत्र आणि पानक्रमांक घातलेली कागद यादी.

सातवी पायरी : तारखा सुरू झाल्यावर

नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत सामनेवाल्याने म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचं असतं. ४५ दिवसांनंतरचं म्हणणं स्वीकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा आणि ४६ व्या दिवसानंतर ‘म्हणण्याशिवाय चालवा’ असा अर्ज द्या. प्रयोगशाळेची तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी कायद्यात पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, घरच्यांना तसं सांगून ठेवा.

सांध्याची तपासणी आयोग स्वतः प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फी तुम्हाला भरावी लागेल. वैद्यकीय मत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडून मागवलं जाऊ शकतं. अशा वेळी ‘निष्काळजीपणा झाला का?’ एवढा एकच प्रश्न पाठवला गेला तर उत्तर ‘नाही’ येतं आणि सांध्याचा मुद्दा तसाच राहतो. प्रश्न तुम्ही लिहून द्या : पहिल्या एक्स-रेत वाटीचा कोन किती? तो मान्य मर्यादेत आहे का? कल्चर निगेटिव्ह असताना जंतुसंसर्ग हे कारण संभवतं का? पेशींच्या तपासणीत धातूकण आहेत का? या प्रकारच्या सांध्याची अपेक्षित आयुर्मर्यादा किती, आणि हा किती वर्षं टिकला?

सोबत करायच्या दोन नोंदी

वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे होते. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. ही नोंद रुग्ण स्वतः करू शकतो. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण एकाच लॉटच्या चार तक्रारी चार जिल्ह्यांतून आल्या की दोषाचा माग लागतो. दुसरी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, लॉट क्रमांकासह. डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषदेकडेही जाता येतं, मात्र तिथे भरपाई मिळत नाही.

सांधा ‘ए.एस.आर.’ असेल तर

डेप्यू कंपनीचे, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनचे, ए.एस.आर. सांधे २४ ऑगस्ट २०१० ला जगभरातून मागे घेण्यात आले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा नंतर पत्ताच लागला नाही. केंद्राने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने किमान २० लाखांची शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये वय आणि अपंगत्वानुसार ३० लाख ते १.२३ कोटी अशी रक्कम ठरली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये तिथे पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिने दाखवली. २००४ ते २०१० मध्ये खुबा बदललेला कोणी घरात असेल तर आजच कागद काढून ‘ए.एस.आर.’ ही अक्षरं शोधा. सापडली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी दावा करा आणि ग्राहक आयोगाचा मार्गही वकिलाला विचारा. हे आकडे फक्त ए.एस.आर.साठी आहेत. दुसऱ्या सांध्याच्या तक्रारीत ते तुलनेसाठी दाखवता येतात, हक्क म्हणून मागता येत नाहीत.

शस्त्रक्रिया मोफत झाली असेल तर

सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहतं. पण सांधा तुम्ही बाहेरून विकत आणला असेल, तर त्या वस्तूपुरते तुम्ही ग्राहक आहात. ते बिल जपा. योजनेतून खासगी रुग्णालयात झालं असेल, तर रुग्णालयाला मोबदला मिळालेला आहे, हा मुद्दा मांडता येतो. काहीच लागू होत नसेल तर दिवाणी दावा उरतो. सरकारी यंत्रणेची चूक कागदावर स्वच्छ दिसत असेल तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

निकालानंतर

जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतं. पैसे द्यायचा आदेश असेल तर सामनेवाल्याला अपिलाआधी निम्मी रक्कम भरावी लागते. ती भरली का, हे राज्य आयोगात तपासा. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, सामनेवाल्याला आदेश पोचल्याचा पुरावा आणि आजपर्यंतच्या व्याजासह येणं रकमेचा तक्ता जोडा.